राईनपाड्याचा प्रश्न : बातमीची जबाबदारी कोणाची?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी एसटीतून उतरून बाजारात आले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, आणि पोरं पळवणारी टोळी आली, असा संशय बाजारभर पसरला. जमावाने पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच त्यांचा जीव घेतला. त्याआधीच्या काळात या पट्ट्यात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर पोहोचले होते. पुढे पोलिसांनी वीसहून अधिक लोकांना अटक केली.

दोष कोणाचा, यावर तेव्हापासून दोन मतं आहेत. ती इथे दोन आवाजांत मांडली आहेत. आप्पा हे साक्री-पिंपळनेर पट्ट्यातले जुने वार्ताहर. त्यांची पुतणी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जनसंवाद शिकते आणि अहिराणीत व्हिडिओ करते. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांच्या भूमिका खान्देशातल्या पुष्कळ घरांत रोज ऐकायला मिळतात.

आप्पा : मी बातमी लिहायचो आणि पाकिटात घालून संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. धुळ्याला उपसंपादक ती वाचायचा. शंका आली तर ट्रंककॉल लावून विचारायचा, नाव बरोबर आहे का, आकडा कोणी सांगितला, पोलीस ठाण्यात नोंद आहे का. खात्री पटली नाही तर बातमी थांबायची. एवढं करून अंक छापला की शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव, छापखान्याचा पत्ता. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर जबाबदार माणसाचं नाव सक्तीचं केलं. कोणाची बदनामी झाली तर तो त्या पत्त्यावर येऊन उभा राहायचा. राईनपाड्यात जो संदेश फिरला त्याच्या तळाशी कोणाचं नाव होतं, सांग.

पुतणी : कोणाचंच नाही, आणि हे मला मान्य आहे. पण आप्पा, त्या १८६७ च्या ओळीचा इतिहास पुरता सांगा. ब्रिटिश सरकारला मुद्रक-प्रकाशक चटकन सापडावा म्हणूनही ती ओळ होती. १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. नाव छापलेलं असणं म्हणजे जबाबदारी, तसंच सत्तेच्या हाती लागणंही. दोन्ही बाजू एकदम पाहायला हव्यात.

आप्पा : टिळकांनी नाव लपवलं नाही, म्हणूनच लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. शिक्षेची तयारी ठेवून लिहिलेला शब्द आणि कोणी लिहिला हेच कळत नाही असा शब्द, दोघांना एका तराजूत घालू नकोस.

पुतणी : घालत नाही. मी दुसरंच विचारते. तुमच्या त्या उपसंपादकाने जे थांबवलं, ते सगळं खोटं होतं म्हणून थांबवलं का? आम्हाला अभ्यासक्रमात ‘द्वारपाल’ ही संकल्पना आहे. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने ती मांडली आणि १९५० मध्ये डेव्हिड मॅनिंग व्हाइट या संशोधकाने अमेरिकेतल्या एका लहान शहरातल्या दैनिकाच्या संपादकावर तिचा अभ्यास केला. तारेने आलेल्या मजकुरातला साधारण नव्वद टक्के त्या संपादकाने टाकून दिला होता. का टाकला, हे त्याने लिहून दिलं. काही वेळा जागा नव्हती. पण पुष्कळ वेळा कारण त्याच्या स्वतःच्या आवडीनिवडीचं आणि मतांचं होतं. दारावर माणूसच बसतो, आणि प्रत्येक माणसाला आपली जात असते, भाषा असते, शहर असतं. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी या भाषेखाली मोजलेले साडेअठरा लाखांवर लोक आहेत. त्यांच्या बोलीतलं रोजचं वर्तमानपत्र मी कधी पाहिलं नाही. सातपुड्यातल्या पावऱ्यांचं, साक्रीच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांचं नाव तुमच्या पानावर कधी यायचं? कुपोषण, बस दरीत कोसळली, नाहीतर मोर्चा.

आप्पा : हे खरं आहे. राईनपाड्याचं नावसुद्धा महाराष्ट्राने पाच माणसं मेल्यावर ऐकलं. पण साधनं नव्हती म्हणून आवाज नव्हता, असंही समजू नकोस. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढलं, १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं. वाचक थोडे, पैसा नाही. पण लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण, हे दोघांना ठाऊक होतं. माध्यम लहान असलं तरी चालतं. त्याच्या मागे माणूस उभा असला पाहिजे.

पुतणी : मग मी आसोद्याच्या बहिणाबाईंचं उदाहरण देते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, घरकामात त्यांनी जे रचलं ते मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण हयातीत त्यांच्या शब्दाला छापखान्याचं दार उघडलं नाही. आज एखादी शेतकरीण फोनसमोर उभी राहून अहिराणीत गाते आणि ते संध्याकाळी सुरतेच्या आणि पुण्याच्या खान्देशी माणसापर्यंत पोहोचतं. ‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. ते कोणत्या संपादकाच्या परवानगीने चाललं?

आप्पा : पण बहिणाबाईंच्या कविता जगापुढे आणल्या कोणी? सोपानदेवांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि अत्र्यांनी त्यांचं मोल ओळखलं, प्रस्तावना लिहिली. दारावर बसलेल्या माणसानेच ते दार उघडलं. जाणकार माणूस दारावर असेल तर तो अडवतो तसा आतही घेतो. म्हणून दार पाडू नका, दारावर चांगला माणूस बसवा.

पुतणी : आणि २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काय झालं? पैसे घेऊन उमेदवारांच्या स्तुतीच्या बातम्या छापल्या गेल्या. पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणलं, पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या समितीचा अहवाल आला. तेव्हाही शेवटच्या पानावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव होतंच की. नाव छापल्याने खरेपणा आपोआप येत नाही.

आप्पा : नाही येत. तो डाग आमच्या व्यवसायावर आहे आणि तो पुसला गेलेला नाही. पण तो डाग लागलाय हे सिद्ध करता आलं, कारण अंक जपलेले होते. तारीख होती, पान होतं, एकच बातमी निरनिराळ्या पेपरांत शब्द न बदलता छापलेली दाखवता आली. जो संदेश फोनवरून फोनवर गेला आणि पुसला, त्याची चौकशी कुठून सुरू करणार?

पुतणी : इथून खरा मुद्दा सुरू होतो. हॅरॉल्ड लॅसवेल या राज्यशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये संवाद तपासायला पाच प्रश्न दिले. कोण बोलतं, काय बोलतं, कोणत्या माध्यमातून, कोणाशी आणि परिणाम काय होतो. वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरदर्शन, कुठलंही घ्या, पाचही प्रश्नांची उत्तरं मिळतात. फॉरवर्ड केलेल्या संदेशात पहिलाच प्रश्न रिकामा राहतो. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही वाचता येत नाहीत, अगदी कंपनीलासुद्धा. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि स्वस्त इंटरनेट वस्ती-वस्तीत पोहोचलं. माध्यम खासगी पत्रासारखं बंद आणि पोहोच वर्तमानपत्राची, असा मेळ आधी कधी नव्हता. तुमच्या काळात जनसंवाद वेगळा आणि दोन माणसांतलं बोलणं वेगळं होतं. आता एकाच खिडकीत दोन्ही आहेत. मामाचा निरोप, केळीचा भाव, शाळेची सुट्टी आणि टोळीची अफवा एकाखाली एक येतात. सगळ्यांचं अक्षर सारखं, रंग सारखा.

आप्पा : आणि पाठवणारा ओळखीचा असतो, म्हणून ती खरी वाटते.

पुतणी : त्यालाही आधार आहे. १९४० मध्ये पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मतदारांचा अभ्यास केला. निवडणुकीत रेडिओ आणि वर्तमानपत्रं थेट मत घडवतात, असा तेव्हाचा समज होता. त्यांना आढळलं की माध्यमातली गोष्ट आधी गावातल्या जाणत्या माणसापर्यंत जाते आणि त्याच्याकडून इतरांपर्यंत. लोक कागदापेक्षा ओळखीच्या तोंडावर विश्वास ठेवतात. याला दोन टप्प्यांचा प्रवाह म्हणतात.

आप्पा : हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. गावात एक पेपर यायचा, चावडीवर एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. वाचणाऱ्याने भलतंच सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच चावडीवर बसायचं असायचं. लोक तोंडावर विचारायचे. तुझ्या भाषेत त्याला काय म्हणतात?

पुतणी : प्रतिसाद. ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे परत जाणारी गोष्ट. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचा जो आराखडा दिला, त्यात पाठवणारा, माध्यम, घेणारा आणि मधला गोंगाट होता. प्रतिसादाची जोड पुढच्या अभ्यासकांनी दिली. आप्पा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. फॉरवर्डला प्रतिसादाची वाट नाही. ‘हे खोटं आहे’ असं मी माझ्या ग्रुपवर लिहिलं, तरी ज्या शंभर ग्रुपवर तो संदेश आधीच गेला तिथे माझं उत्तर जात नाही.

आप्पा : मग कबूल कर. दोष या माध्यमाचाच आहे.

पुतणी : नाही. माध्यमावर सगळं टाकलं की आपण मोकळे होतो. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर गेली. देवळांपुढे रांगा लागल्या, परदेशातल्या मंदिरांतही लोक जमले. तेव्हा कोणाकडे व्हॉट्सअ‍ॅप होतं? त्याहून मागे जाऊ. १९३४ मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने गोळा करून अभ्यासल्या. आणखी मोठा भूकंप येणार, अमुक दिवशी प्रलय होणार, असल्या भीतीच्याच त्या अफवा होत्या. पुढे १९४७ मध्ये ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी अफवेचं सूत्र मांडलं. गोष्ट जितकी जिव्हाळ्याची आणि तिच्याबद्दलची माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. दोन्हींचा गुणाकार होतो, म्हणजे एक जरी शून्य झालं तरी अफवा मरते. राईनपाड्यात लेकरांचा जीव ही सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट होती, आणि हे पाच अनोळखी लोक कोण, याची माहिती कोणाकडेच नव्हती. लेकरांची काळजी शून्यावर आणता येत नाही. ती धूसरता मात्र घालवता आली असती. पोलिसांनी, महसूल खात्याने, शाळेने, आकाशवाणीने आणि तुमच्या वर्तमानपत्रांनी.

आप्पा : थांब. तुझ्या सूत्रात एक गोष्ट राहिली. पूर्वी अफवा तोंडातोंडी जाताना झिजायची. तपशील गळायचे, सांगणारा चार शब्द आपले घालायचा, ऐकणाऱ्याला शंका यायची. आता ती झिजत नाही. व्हिडिओ जसाच्या तसा लाखो फोनांत उतरतो आणि डोळ्यांनी पाहिलं म्हटल्यावर माणूस शंका घेत नाही. राईनपाड्याच्या वर्षी देशभर फिरलेला मोटारसायकलवरून मूल उचलण्याचा व्हिडिओ आठव. तो कराचीत तयार झालेला होता. मुलांची काळजी घ्या, असं सांगणारी ती एका सेवाभावी संस्थेची जाहिरात. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला. चित्र खरं, पण सांगणं उलटं झालं. या कात्रीला मी दोष देतो.

पुतणी : हे मी लिहून घेते. तोंडी अफवेत गोष्ट बदलते. डिजिटल अफवेत गोष्ट तशीच राहते आणि तिचा संदर्भ तेवढा कापला जातो. म्हणून तपासायचीही पद्धत बदलली पाहिजे. पूर्वी विचारायचो, ‘असं खरंच घडलं का?’ आता विचारायचं, ‘हे कुठे, केव्हा घडलं आणि याच्या आधी-नंतर काय होतं?’

आप्पा : ही पद्धत नवी नाही. धुळ्यात आपण ती शंभर वर्षं बघतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं, सनदा, पत्रं गोळा करत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा आहे. लोक काय सांगतात त्यावर त्यांनी समाधान मानलं नाही. मूळ कागद पाहिला, तो कोणी, कोणाला, कधी लिहिला हे ठरवलं. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. ज्या शहरात अस्सल आणि नक्कल यांत फरक करण्यासाठी वास्तू बांधली, त्याच जिल्ह्यात एका कापलेल्या व्हिडिओच्या काळात पाच माणसं मारली गेली. मला याची लाज वाटते.

पुतणी : राजवाड्यांनी कागदाचं जे केलं, ते फोटोचं आज कोणालाही करता येतं. फोटो शोधयंत्रात टाकला की तो आधी कुठे आणि कधी आला होता हे पुष्कळदा कळतं. साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. ती सवय मात्र कोणी लावलेली नाही. शाळेत आपण निबंध शिकवतो, पत्रलेखन शिकवतो. आलेला संदेश तपासायला शिकवत नाही.

आप्पा : आणि सवय लागेपर्यंत मरणाऱ्यांचं काय? सरकारने पहिला संदेश पाठवणारा शोधावा, असं माझं मत आहे. २०२१ च्या नियमांत तशी तरतूद आली होती.

पुतणी : आली, आणि व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. कंपनीचं सोडा, आपण आपल्यापुरतं पाहू. पहिला पाठवणारा शोधता यायला सगळ्यांच्याच संदेशांवर खूण ठेवावी लागेल. मग गावातल्या कामात पैसे खाल्ले गेल्याची माहिती तुम्हाला गुपचूप देणारा माणूसही सापडेल. तुम्ही जन्मभर ज्यांची नावं जपलीत, ते सगळे उघडे पडतील. आणि राईनपाड्यापुरतं बघा, पहिला माणूस कोण निघणार? कराचीत चांगल्या हेतूने जाहिरात करणारा? दोष आहे तो कापणाऱ्याचा आणि न तपासता पुढे ढकलणाऱ्या हजारोंचा.

आप्पा : हजारोंचा दोष म्हणजे कोणाचाच नाही, असं होतं.

पुतणी : कायद्यात जवळपास तसंच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला, त्याचा त्यात हेतू सामील नसेल तर, गुन्हेगार धरता येणार नाही. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये इलेक्ट्रॉनिक मार्गाने अफवा पसरवणं हा गुन्हा आहे, पण खरं मानायला वाजवी कारण होतं आणि वाईट हेतू नव्हता, अशांना त्यात सूट आहे. राईनपाड्यापूर्वी ज्या मावशीने, ज्या मास्तरांनी काळजीपोटी तो संदेश पुढे पाठवला, त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना तुरुंगात घालणं न्यायाचंही नाही. पण त्यांनी पाठवलेल्या भीतीवरच पुढे दगड उचलले गेले. जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही तिथे माणसाने स्वतःला जबाबदार धरायचं असतं.

आप्पा : आता तू माझ्या शेवटच्या पानावर आलीस. छापणाऱ्याचं नाव खाली असायचं. पुढे पाठवणाऱ्यानेही आपलं नाव खाली आहे असं समजावं. बोटाने बाण दाबला की तो प्रकाशक झाला.

पुतणी : हे मी मान्य करते. आजवर मी खुलेपणाच्या बाजूने बोलले, आणि आवाज सगळ्यांना मिळाला पाहिजे यावर मी ठाम आहे. पण दारच नको, असं मला म्हणता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने स्वतः काय केलं बघा. राईनपाड्यानंतर नऊ दिवसांनी देशातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे यंत्राने दार बसवलं. पण माणूस खोटं-खरं बघून अडवतो, यंत्राने फक्त संख्या अडवली.

आप्पा : आणि ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने आकाशवाणीवर जाहिराती सुरू केल्या. लोकांचा विश्वास परत मिळवायला तिला छापील कागद आणि रेडिओ लागले. हे विसरू नकोस.

पुतणी : विसरत नाही. पण दुसरं एक दार तुमच्या लक्षात आणून देते, कारण मी रोज त्याच्यापुढे उभी असते. यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर कोणता व्हिडिओ कोणाला दाखवायचा हे एक गणित ठरवतं. माणूस जिथे जास्त वेळ थांबतो ते पुढे जातं. माणूस रागाने आणि भीतीनेही थांबतो. अहिराणीतलं लग्नगीत आणि अहिराणीतली धमकी, गणिताला दोन्ही सारखे. तुमचा उपसंपादक पक्षपाती असेल, पण त्याला ‘हे का छापलं?’ असं विचारता यायचं. या गणिताला विचारता येत नाही. सगळ्यांना आवाज मिळाला, पण कोणाचा आवाज मोठा होणार हे आपल्या हातात नाही. त्याचा हिशेब कंपन्यांकडे मागायला हवा.

आप्पा : तर मग तूही दारावरच्या माणसाचीच मागणी करतेस.

पुतणी : हो, पण तुमच्यापेक्षा जास्त माणसं दारावर हवीत, आणि ती आमच्यातली हवीत. त्याच रात्रीचं मालेगाव बघा. राईनपाड्याची घटना घडून काही तास झाले होते. तिथेही एका कुटुंबाला पोरं पळवणारे समजून जमावाने घेरलं, त्यांच्यासोबत दोन वर्षांचं मूल होतं. वस्तीतल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस पोहोचले आणि सगळे वाचले. फोन तेच, संदेश तेच, भीती तीच. फरक पडला तो थांबून विचार करणाऱ्या एका माणसाने आणि वेळेवर आलेल्या पोलिसांनी. म्हणून दोष निव्वळ माध्यमाचा नाही, असं मी म्हणते. राईनपाड्यात ज्यांनी मारहाणीचे व्हिडिओ काढले, तेच व्हिडिओ पुढे आरोपी ओळखायला पोलिसांच्या उपयोगी पडले. त्यांच्या हातातला फोन मदत बोलवायलाही चालला असता.

आप्पा : आणि ते पाच जण कोण होते याचाही विचार कर. गावोगाव फिरून देवाचं नाव घेणं आणि भिक्षा मागणं ही त्यांची पिढीजात वाट. रस्ते नव्हते तेव्हा एका मुलखातली गोष्ट दुसऱ्या मुलखात नेणारी माणसं हीच. वासुदेव, गोंधळी, भराडी, डवरी गोसावी, पिंगळा. छापखान्याच्या आधीचा महाराष्ट्राचा जनसंवाद त्यांच्या पायांवर चालला. गाव त्यांना ओळखायचं आणि पसाभर धान्य द्यायचं. ती ओळख आपण हरवली. भटका दिसला की संशय, हे व्हॉट्सअ‍ॅपने शिकवलेलं नाही. ते आधीच आपल्यात होतं, संदेशाने त्याला फक्त निमित्त दिलं.

पुतणी : आप्पा, हे तुम्ही बोललात याचा मला आनंद आहे. या माणसांबद्दल आपल्या माध्यमांनी एरवी किती लिहिलं? त्यांची मुलं शाळेत जातात का, पालं कुठे पडतात, ओळखपत्र मिळतं का? ज्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं त्याच्याबद्दलची अफवा खरी वाटते. बातमीच्या अभावातून ही धूसरता तयार झाली.

आप्पा : त्याचं कारणही सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मानधन तुटपुंजं आणि वर जाहिराती आणण्याचं काम. असा माणूस पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावर पदरच्या पेट्रोलने कशासाठी जाईल? दारावर चांगला माणूस बसवा, असं मी मघाशी म्हणालो. त्याला पोटापुरतं द्यावं लागतं, हे त्याच वाक्यात म्हणायला हवं होतं. गावात खरी बातमी सांगणारा विश्वासाचा माणूस नसेल, तर त्या जागी अफवा येऊन बसते.

पुतणी : आणि हे संपलेलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावी उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. ते वाचले. राईनपाड्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं होतं. अधिकारी जिल्ह्याला एक, अफवा मात्र प्रत्येक हातात.

आप्पा : मग प्रत्येक हाताने काय करायचं ते सांगून टाकू. तू सांग, तुझं लोक ऐकतील.

पुतणी : दोघं मिळून सांगू. तुमची खात्री करायची सवय आणि माझी साधनं, दोन्ही लागतील.

दोघांचं एकमत इथे झालं, आणि या लेखाचं म्हणणंही तेच आहे. आवाज सगळ्यांना मिळाला ही या काळाची मोठी कमाई आहे, ती कोणी काढून घेऊ नये. पण आवाजाबरोबर संपादकाचं कामही प्रत्येकाच्या हाती आलं आहे, आणि ते काम नाकारून आवाज तेवढा ठेवता येत नाही. संदेश आला की पाहा, कोणी पाठवला हे नव्हे तर मुळात कोणी सांगितला, कुठला आहे, केव्हाचा आहे. उत्तर मिळालं नाही तर तो तुमच्या फोनवरच थांबवा. खोटा निघाला तर ज्या ग्रुपवर आला त्याच ग्रुपवर तसं लिहा. नातेवाईक रागावले तरी लिहा. गावात अनोळखी माणूस दिसला आणि शंका आली तर त्याचं नाव-गाव विचारा, पोलीस पाटलांना सांगा, ११२ ला फोन करा. मुलाच्या सुरक्षिततेची काळजी असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. आणि कोणी कोणावर हात उचलत असेल तर व्हिडिओ काढण्याआधी ११२ लावा. राईनपाड्यात मेलेल्या पाच जणांनी कोणाचंही मूल पळवलं नव्हतं.